वाचक विचारतात : ‘सेव्ह झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न : आम्ही काही मित्र मिळून नाट्यसंहिता लिहिण्यासाठी पायथनमध्ये एक छोटा मराठी एडिटर तयार करीत आहोत. आमच्या भागात उत्सवी नाटके गावोगाव होतात, तालमींत संवाद सतत बदलतात आणि ते बदल संहितेत तेथल्या तेथे उतरवता यावेत, एवढाच हेतू आहे. गेल्या पावसाळ्यात एका तालमीच्या वेळी ‘सेव्ह झाले’ असा संदेश दिसला, पाठोपाठ वीज गेली आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर संहितेची फाइल शून्य बाइटची निघाली. त्यानंतर फाइल हाताळणाऱ्या सर्व फंक्शन्सवर व्यवस्थित टिपणे लिहायचे आम्ही ठरवले आहे. सेव्ह करणाऱ्या फंक्शनवर सध्या ‘बफर फाइलमध्ये सेव्ह करते; यशस्वी झाल्यास ट्रू, अन्यथा फॉल्स’ एवढेच लिहिलेले आहे. त्यात आणखी काय असावे आणि प्रत्येक फंक्शनवर किती लिहावे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या टिपणात खोटे असे काही नाही, पण जे फंक्शनच्या नावावरूनच कळते तेवढेच त्यात आहे. त्यावर विसंबून पुढचा कोड लिहिणाऱ्याला कळायला हवे ते वेगळेच असते : फंक्शन परत आल्यावर डिस्कवर काय असेल, मेमरीतल्या बफरची (म्हणजे एडिटरमध्ये उघडलेल्या मजकुराची) स्थिती काय असेल, आणि मध्येच काही बिनसले तर जुनी फाइल शाबूत राहील की नाही. फाइल हाताळणाऱ्या कोडच्या टिपणात याच गोष्टींना पहिला मान द्यावा, असे माझे ठाम मत आहे. फंक्शन आत काय करते ते कोड वाचून समजते. ते कशाची हमी देते आणि कशाची देत नाही, हे मात्र लिहून ठेवल्याशिवाय कोणालाही समजत नाही.

आपल्या संहितेचे काय झाले असावे ते आधी पाहू, कारण टिपणात काय लिहायचे ते त्यातूनच ठरते. पायथनमध्ये लिहिण्यासाठी म्हणून जुनी फाइल उघडली, की त्याच क्षणी तिची लांबी शून्यावर येते. नवा मजकूर त्यानंतर येतो. हा मजकूरही थेट डिस्कवर जात नाही. तो आधी पायथनच्या स्वतःच्या बफरात (हा एडिटरच्या बफरहून वेगळा, लिहायचा मजकूर तात्पुरता साठवणारा) राहतो, फाइल बंद केली की ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत जातो, आणि तेथून डिस्कवर कधी उतरायचे हे ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या सोयीने ठरवते. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये बदललेला मजकूर साधारण ३० सेकंदांपर्यंत असा मेमरीत थांबू शकतो. आपल्या फंक्शनने ‘ट्रू’ परत दिले तेव्हा मजकूर मेमरीत पोहोचलेला होता, डिस्कवर नव्हता. वीज त्याच अवधीत गेली असणार. लिनक्सवरील एक्स्ट-४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) नवी असताना, २००९ साली, नेमक्या अशाच शून्य बाइटच्या फाइलींवरून प्रोग्रॅमर मंडळींत मोठा वाद झाला होता आणि पुढे त्या फाइल सिस्टिममध्ये काही नेहमीच्या प्रसंगांसाठी संरक्षणाची तरतूदही करण्यात आली. तरीही अशा तरतुदीवर आपल्या एडिटरने विसंबू नये.

रूढ उपाय असा आहे : मजकूर त्याच फोल्डरमधल्या एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावा, पायथनचा बफर रिकामा करून ‘एफसिंक’ने तो डिस्कवर उतरवून घ्यावा, मगच त्या फाइलला मूळ नाव द्यावे, आणि नाव बदलल्याची नोंदही डिस्कवर उतरावी म्हणून शेवटी त्या फोल्डरवरही एफसिंक करावे. युनिक्स घराण्यातील सिस्टिम्समध्ये हे नाव बदलणे अविभाज्य असते, म्हणजे त्या नावाने फाइल उघडणाऱ्याला एक तर संपूर्ण जुनी फाइल मिळते किंवा संपूर्ण नवी. अर्धवट काही हाती लागत नाही. पायथनमध्ये ३.३ या आवृत्तीपासून ‘ओएस’ मोड्यूलमधील ‘रिप्लेस’ हे काम विंडोज आणि लिनक्स अशा दोन्हीकडे एकाच नावाने करून देते. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये का, हे टिपणात अवश्य लिहावे, कारण पुढे कोणीतरी ‘स्वच्छता’ म्हणून ती सिस्टिमच्या टेम्प फोल्डरमध्ये हलवणार, आणि ते फोल्डर दुसऱ्या फाइल सिस्टिमवर असले तर नाव बदलणे सरळ नाकारले जाणार.

हा बदल केल्यानंतर आपल्या फंक्शनवरचे टिपण मी पुढीलप्रमाणे लिहिले असते (त्यात ‘पाथ’ म्हणजे फाइलचा डिस्कवरील पत्ता, ‘सक्तीने’ हा फंक्शनला द्यायचा पर्याय, सिमलिंक म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणारी खूण आणि हार्ड लिंक म्हणजे त्याच फाइलचे दुसरे नाव) :

‘बफरमधील संपूर्ण मजकूर “पाथ” येथील फाइलच्या जागी ठेवते. फंक्शन एररविना परत आले, तर नवा मजकूर डिस्कवर उतरलेला आहे, बफरची “बदललेला” ही खूण काढलेली आहे आणि फाइलची नवी वेळ बफरमध्ये नोंदलेली आहे. एरर आल्यास “पाथ” येथील जुनी फाइल जशीच्या तशी राहते, तात्पुरती फाइल काढून टाकली जाते आणि बफरची खूण तशीच राहते. अपवाद : नाव बदलून झाल्यावर फोल्डरच्या एफसिंकमध्ये एरर आली, तर “पाथ”वर नवा मजकूर असतो, पण वीज गेल्यास तो टिकेलच अशी हमी नाही. आपण उघडल्यानंतर फाइल दुसऱ्या कोणी बदललेली आढळली, तर “सक्तीने” हे ट्रू असल्याशिवाय काहीही लिहिले जात नाही. “पाथ” ही सिमलिंक असेल, तर ती ज्या फाइलकडे नेते ती फाइल बदलते. सिमलिंक कायम राहते. हार्ड लिंक मात्र तुटते.’

यातला ‘अपवाद’ हा भाग वाचताना अवघडल्यासारखे वाटेल, पण तोच सर्वांत मोलाचा आहे. ‘एरर आली म्हणजे काहीच बदलले नाही’ असे एका वाक्यात लिहून मोकळे होता आले असते. ते खरे नसते, एवढेच. एफसिंकच्या बाबतीत आणखी एक खबरदारी टिपणात असावी. एफसिंकने एरर दिली, तर तेच पुन्हा बोलावून ‘आता जमले’ असे मानता येत नाही, कारण काही सिस्टिम्स पहिल्या एररनंतर तो मजकूर लिहून झाल्याप्रमाणे धरतात आणि दुसऱ्या वेळी यश कळवतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींना २०१८ साली याचाच धक्का बसला होता. म्हणून ‘एफसिंक अयशस्वी झाल्यास तात्पुरती फाइल टाकून द्यावी आणि सारे पहिल्यापासून लिहावे’ अशी ओळ कारणासह हवी.

जुन्या, कसलेल्या एडिटरांचा कोड या दृष्टीने अवश्य वाचावा; तो सर्वांना खुला आहे. व्हिमच्या कोडमध्ये बफर फाइलमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनवर जे टिपण आहे, त्यात एरर आल्यास मूळ फाइल परत मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले जाते, पण सक्तीचा पर्याय दिलेला असेल तर ती गमावण्याचा धोका आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. पुढे त्याच टिपणात एक विशिष्ट सामायिक बफर या फंक्शनने वापरायचा नाही, असे बजावले आहे आणि त्याचे कारणही, म्हणजे आपोआप सेव्ह करणारा कोड हेच फंक्शन बोलावतो हे, तेथेच दिले आहे. निषेध आणि त्याचे कारण एकाच वाक्यात असले, की दहा वर्षांनी येणाराही ते मोडत नाही. फाइल वाचणाऱ्या फंक्शनवरही अपयश आणि ‘हे तर फोल्डर आहे’ यांसाठी निरनिराळी उत्तरे नोंदवलेली आहेत. आपल्या ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’मध्ये नेमकी हीच उणीव आहे : डिस्कवर जागा संपली, परवानगी नाही आणि दुसऱ्याने फाइल बदलली, या तिन्ही वेळी वापरणाऱ्याने निराळे काही करायचे असते. तेव्हा पायथनच्या एक्सेप्शन्स (काय बिनसले त्याचा प्रकार सांगणाऱ्या एरर) वापराव्यात आणि कोणत्या प्रसंगी कोणते एक्सेप्शन येते ते टिपणात द्यावे.

ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरमध्ये टिपण हे फंक्शनचाच भाग असते आणि चालू एडिटरमध्ये ते कोणालाही वाचता येते. पहिली ओळ स्वतंत्रपणे अर्थ देणारे पूर्ण वाक्य असावी असा तेथील संकेत आहे, आणि पायथनच्या २००१ सालच्या पेप-२५७ या संकेतानेही जवळपास हेच सांगितले आहे. ईमॅक्समध्ये पॅरामीटरची, म्हणजे फंक्शनला द्यायच्या मूल्यांची, नावे टिपणात मोठ्या लिपीत लिहितात. देवनागरीत ती सोय नसल्याने आपण ती अवतरणात किंवा ठळक ठेवावीत, नाहीतर ‘पाथ’ हा पॅरामीटर आहे की साधा शब्द, हे वाचणाऱ्याला ताडावे लागते.

किती लिहावे, याचे उत्तर थोडक्यात देतो. डिस्कला हात लावणाऱ्या प्रत्येक फंक्शनवर वर दिले तसे सविस्तर लिहावे. पाथमधून फाइलचे नाव वेगळे काढणाऱ्या फंक्शनला एक ओळ पुरते.

प्रश्न : माझ्याकडे आमच्या भजनी मंडळाच्या आणि जुन्या नाटकांच्या पुष्कळ फाइली आहेत. त्या पूर्वी छापखान्यातल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. मी लिहीत असलेल्या एडिटरमध्ये त्या उघडल्या तर भलतीच अक्षरे किंवा चौकोन दिसतात. फाइल उघडणाऱ्या फंक्शनच्या टिपणात याबद्दल काही लिहायला हवे का? — एक वाचक, साखळी

उत्तर : लिहायलाच हवे, आणि उघडण्याच्या फंक्शनकडे आपण सगळेच जरा दुर्लक्ष करतो म्हणून हा प्रश्न आला याचा आनंद वाटला. उघडताना फाइलला काही होत नाही अशी समजूत असते. ती खरीही आहे. हानी होते ती पुढच्या सेव्हच्या वेळी, पण तिचे बीज उघडण्यातच पडलेले असते.

छापखान्यातले ते जुने फाँट युनिकोडच्या (सर्व लिपींतल्या चिन्हांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे आहेत. त्यांत एकेका बाइटच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि ते तुकडे कोणत्या जागी बसवायचे ते प्रत्येक फाँट बनवणारा आपल्या पद्धतीने ठरवत असे. आपला एडिटर फाइल यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत लिहिण्याच्या रूढ पद्धतीत, आहे असे गृहीत धरतो. त्या बाइटांचा यूटीएफ-८ म्हणून अर्थ लागत नाही. आता येथे फंक्शन काय करते, याला महत्त्व आहे. ते एरर देऊन थांबले, तर फाइल सुरक्षित आहे. पण न कळलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी त्याने ‘प्रश्नचिन्हाचा चौकोन’ ठेवला आणि आपण नकळत सेव्ह केले, तर मूळ बाइट कायमचे गेले; मग तो फाँट कोठून मिळवला तरी ते भजन परत येणार नाही.

म्हणून उघडणाऱ्या फंक्शनच्या टिपणात एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) कोणते गृहीत धरले आहे, न कळलेल्या बाइटांचे काय केले जाते आणि ते तसे केले असल्यास बफर केवळ वाचण्यासाठी म्हणून उघडला जातो की नाही, हे लिहावे. माझा आग्रह असा की बदल करून उघडलेला बफर सेव्ह होऊ देऊच नये. पायथनमध्ये ३.१ पासून ‘सरोगेट-एस्केप’ नावाची सोय आहे. तिने न कळलेले बाइट विशिष्ट खुणांच्या रूपात जपले जातात आणि त्याच सोयीने परत लिहिताना ते होते तसे उमटतात. ती वापरणार असाल तर टिपणात दोन्ही बाजूंचा उल्लेख हवा, कारण उघडताना ती वापरली आणि सेव्ह करताना वापरली नाही, तर सेव्ह करतानाच एरर येते आणि दोष कोठे आहे ते शोधण्यात वेळ जातो.

ओळींच्या शेवटाबद्दलही एक वाक्य असावे. विंडोजमधून आलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन खुणा असतात, लिनक्समध्ये एक. पायथन साध्या पद्धतीने वाचताना त्या एकसारख्या करून देतो, आणि मग सेव्ह केल्यावर एकही शब्द न बदलता सगळी फाइल बदललेली दिसते.

प्रश्न : ‘दऱ्याखोऱ्यांतून’ या एकाच नावाच्या दोन फाइली माझ्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी दिसतात. एक माझी आहे, दुसरी मैत्रिणीने तिच्या संगणकावरून पाठवलेली. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधल्या एडिटरमध्ये ‘ही फाइल आधीच उघडलेली आहे का’ हे पाहणारे फंक्शन दोन्हींना वेगळ्या मानते. चूक फंक्शनची आहे की टिपणाची? — एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : येथे फंक्शन बरोबर आहे, कारण त्या दोन फाइली खरोखरच वेगळ्या आहेत. दोष इतकाच की ते कशाची तुलना करते हे कोठेही लिहिलेले नाही.

मराठीतला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे. ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे जोडूनही तेच अक्षर बनते. आणि ‘र’, हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह अशा तीन चिन्हांतूनही डोळ्यांना तोच चंद्रकोरीसारखा रफार दिसतो. पहिल्या दोन रूपांना युनिकोडची सामान्यीकरणाची पद्धत एक करून देते, तिसऱ्याला देत नाही. लिनक्सवर फाइलचे नाव म्हणजे केवळ बाइटांची रांग असते, त्यामुळे तिन्ही रूपांच्या तीन फाइली एका फोल्डरमध्ये सुखाने नांदतात.

आपल्या फंक्शनच्या टिपणात म्हणून असे लिहावे : ‘नावांची तुलना करीत नाही, दोन्ही पाथ डिस्कवरील एकाच फाइलकडे नेतात का, एवढेच पाहते. दोहोंपैकी एक फाइल अस्तित्वात नसल्यास एरर देते.’ पायथनचे ‘सेमफाइल’ हेच करते. नव्या, अजून सेव्ह न झालेल्या फाइलचे काय करायचे, हे त्या दुसऱ्या वाक्यामुळे बोलावणाऱ्याला आधीच कळते. नाव कोणत्याही कारणाने सामान्य रूपात आणून मग फाइल उघडू नये, नाहीतर मैत्रिणीची फाइल मागितली असता आपलीच उघडेल.

नावांचाच विषय आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिम्समध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेते, म्हणजे एका नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हे बसतात. ‘क्ष’सारखे एक जोडाक्षरच ३ चिन्हांचे, म्हणजे ९ बाइटांचे होते. संपूर्ण नाटकाचे नाव, अंक आणि प्रवेश फाइलच्या नावात लिहिण्याची सवय असेल, तर ही मर्यादा वाटते तितकी दूर नाही. समजा ८३ चिन्हांच्या नावाला चार बाइटांचे ‘.टीएक्सटी’ हे इंग्रजी शेपूट लावले, तर २५३ बाइट झाले आणि फाइल व्यवस्थित उघडली. पण सेव्ह करणाऱ्या फंक्शनने त्याच नावापुढे आणखी चार बाइट जोडून तात्पुरती फाइल बनवायचे ठरवले, तर सेव्ह होणार नाही. तात्पुरत्या फाइलचे नाव मूळ नावावरून बनवले जाते की स्वतंत्र, ही माहिती एरवी आतली वाटली असती. येथे ती टिपणात हवी.

प्रश्न : टिपणे मराठीत लिहावीत का? आणि कोड बदलला की ती जुनी होतात, त्याचे काय करावे? — एक वाचक, पेडणे

उत्तर : कोड सांभाळणारी मंडळी ज्या भाषेत निःसंदिग्ध लिहितात त्या भाषेत लिहावीत. गोव्यातल्याच मराठी लिहिणाऱ्यांचा गट असेल, तर मराठीत अवश्य लिहावीत. बाहेरच्यांनी मदत करावी अशी इच्छा असेल, तर इंग्रजी सोयीची पडेल. एका फंक्शनमध्ये दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये.

टिपण जुने होण्यावर मला एकच खात्रीचा उपाय दिसतो : टिपणातल्या प्रत्येक हमीमागे एक चाचणी असावी आणि चाचणीचे नाव टिपणाशेजारीच लिहावे. ‘एरर आल्यास जुनी फाइल जशीच्या तशी राहते’ असे लिहिले असेल, तर तशी एरर मुद्दाम आणून पाहावी. लिनक्समध्ये ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘फुल’ नावाचे एक खास उपकरण असते; त्यावर काहीही लिहायला गेले की ‘जागा शिल्लक नाही’ हीच एरर मिळते. आपले मजकूर लिहिणारे आतले फंक्शन चाचणीत त्याच्याकडे वळवावे. नाव बदलण्याची पायरी अयशस्वी झाल्याचा प्रसंग उभा करायचा असेल, तर चाचणीपुरते ‘रिप्लेस’च्या जागी एरर देणारे फंक्शन बसवावे आणि नंतर जुनी फाइल बाइट-बाइट तपासावी, तात्पुरती फाइल मागे उरली नाही ना, हेही पाहावे. पायथनच्या बफरामुळे एक चकवा येथे बसतो : थोडाच मजकूर लिहिला, तर एरर लिहिताना येत नाही, ती बफर रिकामा करताना किंवा फाइल बंद करताना येते. म्हणून या चाचण्या एका ओळीच्या आणि संपूर्ण अंकाच्या अशा दोन्ही आकारांच्या मजकुरावर चालवाव्यात, आणि एरर कोणत्या पायरीवर येऊ शकते हे सेव्हच्या टिपणात नोंदवावे.